रोझमेरीच्या पाण्याची वही

नत्थूजी : रागवान नाई तं सांगतो, बाई. हे झाड मेलं हाय. फक्त त्याले अजून कोनी कळवलं नाई.

प्रमोदिनी : सकाळच्या पारी असं अभद्र बोलू नका, नत्थूजी. झाड जरा मरगळलंय म्हणून तुम्हाला आंजीहून बोलावलं. उपाय सांगा.

नत्थूजी : मरगळली तं आमच्या घरची म्हैसबी हाय. थे उठते. हे उठनार नाई.

वासुदेवराव : पण पानं जागच्या जागी आहेत. एकही गळलेलं नाही. वासही येतोय. हा घ्या, हात लावून पाहा.

नत्थूजी : वास येते ना, बाबूजी. कापरावानी येते. पन वास हाय म्हनून जीव हाय असं नसते. आपल्या शाळेच्या फाटकापाशी थे सुरूचं झाड होतं, आठवते? बुडखा सडून गेल्ता अन् वरून मस्त उभं. तुमी हेडक्लार्क, मी माळी. मी म्हनलं तोडा, तुमी म्हनलं अर्ज लिवा. दोन महिने आपन मेलेल्या झाडाखालून ये-जा केली.

वासुदेवराव : त्या अर्जावर तुमचा अंगठा आडवा होता, म्हणून तो परत आला.

नत्थूजी : तवर झाड सोताच पडलं. आता हे पाहा. ही काडी वाकवतो. वाकते का?

प्रमोदिनी : मोडू नका! मोडू नका ना...

नत्थूजी : मोडली. जिती काडी वाकते, बाई, अशी कटकन मोडत नाई. अन् नखानं साल काढतो. आत हिरवं पाह्यजे होतं. काय दिसते?

प्रमोदिनी : मला काही दिसत नाही. माझा चष्मा दुरुस्तीला दिलाय. आठ दिवस झाले, ह्यांना आणायला सवड नाही.

नत्थूजी : खाकी हाय. शिपायाच्या डगल्यावानी.

प्रमोदिनी : बुंध्याकडे पाहा. बुंध्याकडे असेल हिरवं.

नत्थूजी : पाह्यलं.

प्रमोदिनी : मग?

नत्थूजी : मंग काय, बाई. बसा तुमी ओसरीवर. उन्हात उभ्या नका राहू.

प्रमोदिनी : मी बसणार नाही. तुम्हाला कळत कसं नाही? दसऱ्याला सून येणार आहे. माधव येणार, बाळ येणार. तीन महिन्यांची झाली पोरगी, मी तिचं तोंड पाहिलेलं नाही. बाळंतपणाला म्हणून माहेरी कुन्नूरला गेली, माधवनेही कॉलेजातून रजा घेतली आणि पाठोपाठ गेला. आता तिकडे चहाच्या मळ्यावर कुठलीशी शाळा आहे, तिथे त्याला मास्तरकी देताहेत. घ्यायची की इथे परत यायचं ते तो तिला विचारून ठरवणार. तिला!

नत्थूजी : बायकोले इचारून राह्यला, चांगलंच हाय ना.

प्रमोदिनी : आणि ती काय बघून ठरवणार? आठ महिने ह्या घरात होती. मीठ मागितलं नाही की पाट मागितला नाही. स्टेशनवर मद्रासच्या गाडीत बसताना एवढंच म्हणाली, आई, माझं झाड सांभाळा. आठ महिन्यांत मागितलेली ही एक गोष्ट! दसऱ्याला ती फाटकातून आत आली की आधी कुठे बघेल?

नत्थूजी : झाडाकडे.

प्रमोदिनी : मग करा काहीतरी.

वासुदेवराव : नत्थूजी, निकाल देण्याआधी कागद पाहण्याची पद्धत आहे. आमच्याकडून कसूर झालेली नाही, एवढं मी पुराव्यानिशी सांगतो. ही वही पाहा.

नत्थूजी : हा तं शाळेचा हजेरीपट हाय! रिटायर होऊन पोट्टे शिकवून राह्यले का?

वासुदेवराव : कोरा पडून होता. मुलांच्या नावांच्या जागी तारखा घातल्या. डोक्यावर पाहा, ‘रोझमेरी’. पहिली नोंद एकोणीस एप्रिलची, सूनबाई गाडीत बसल्या त्या संध्याकाळची. सदर रोपास पाणी एक लोटा. तेव्हापासून कालपर्यंत एकही चौकट रिकामी नाही.

नत्थूजी : एकबी नाई?

वासुदेवराव : एकही नाही.

नत्थूजी : आखाडात वर्ध्याले आठ दिवस झड लागली होती. आमच्या नाल्याले पूर आल्ता. तवा?

वासुदेवराव : तेव्हा छत्री धरून घातलं. नेम म्हणजे नेम.

नत्थूजी : छत्री कोनावर होती, बाबूजी? तुमच्यावर का झाडावर?

वासुदेवराव : माझ्यावर.

नत्थूजी : मंग पानी वरूनबी पडून राह्यलं अन् तुमच्या लोट्यातूनबी.

वासुदेवराव : पावसाचं पाणी पावसाचं. नोंद माझ्या पाण्याची आहे.

प्रमोदिनी : मी ह्यांना तेव्हाच म्हटलं होतं, संध्याकाळचं नको. सकाळी मी घालतेच आहे.

वासुदेवराव : तू घालतेस? केव्हापासून?

प्रमोदिनी : पहिल्या दिवसापासून. तुळशीला घालते, लोट्यात उरतं ते ह्याला.

वासुदेवराव : हे मला सांगितलं नाहीस. वहीत नाही हे.

प्रमोदिनी : तुळशीचं पाणी तुमच्या वहीत कशाला येईल?

नत्थूजी : उरते म्हंजे किती उरते, बाई?

प्रमोदिनी : थोडं.

नत्थूजी : थोडं म्हंजे?

प्रमोदिनी : अर्धा लोटा असेल.

नत्थूजी : अन् तुळशीले अर्धा?

प्रमोदिनी : तुळशीला... पळीभर. तुळस जुनी आहे, मुरलेली आहे. तिला काय लागतं?

नत्थूजी : अवं माय! देवाच्या तोंडचं काढून सुनेच्या झाडाले घातलं का?

प्रमोदिनी : हसा. तुम्हाला काय जातं हसायला?

नत्थूजी : हसून नाई राह्यलो. सकाळी तुमी, सांजी बाबूजी, मधात पाऊस. एकमेकाले ना सांगता. चोरून पानी पाजलं त्याले दोघांनी. थे पोरगी तं सांगत होती, ह्याले पानी कमी द्याचं. मागच्या हिवाळ्यात मी घोळान्यासाठी हरभऱ्याचा कवळा पाला घेऊन आल्तो, तवा थे मले घेऊन गेली झाडापाशी. तिच्या माहेरी म्हने ह्याचं कुंपन हाय. उतारावर, गोट्यायमधी. म्हने, हे झाड गरीब हाय नत्थूकाका, ह्याले गरीबच ठेवा लागते. मीच तिले नाल्यावरून दोन टोपले मुरूम आनून देल्ला. त्याच्यात तिनं इटांचा चुरा मिळवला, चुन्याचे खडे टाकले अन् फुटक्या कुंडीत लावलं. थे कुंडी कुठी हाय?

प्रमोदिनी : ती मी काढून टाकली.

नत्थूजी : काऊन?

प्रमोदिनी : काऊन म्हणजे? फुटकी कुंडी, आत विटांचे तुकडे! येणारी-जाणारी बाई विचारायची, हे काय? सुनेचं झाड म्हणून सांगायचं आणि ते असं उकिरड्यात ठेवायचं? शेजारच्या जिजाबाई तोंडावर म्हणाल्या, सून तशी तिचं झाडही तसंच ठेवलंत. मला लागलं ते. ती गेली त्याच आठवड्यात हे आळं करून घेतलं, तुळशीच्या शेजारी. चांगलं शेणखत घातलं, चांगली माती मागवली.

नत्थूजी : कोनती माती? थांबा. उकरून पाहतो. बाप्पा, काय ओली हाय. हाताले सोडून नाई राह्यली. काळीभोर... बाई, ही माती कुठून आली?

वासुदेवराव : तुमच्याकडूनच. मी तुमच्या गावच्या चिंधूच्या हाती चिठ्ठी दिली होती, उत्तम काळी माती एक पोतं पाठवावी.

नत्थूजी : थे ह्याच्यासाठी होतं?

वासुदेवराव : चिठ्ठीत लिहिलं होतं, रोपाकरिता.

नत्थूजी : मले वाटलं तुळशीचं रोप असन. वरच्या बांधाची माती हाय ही. माह्या वावरातला सगळ्यात चांगला तुकडा. कपाशी तिथी छातीभर होते. आमच्या घरची बुडी म्हने, कायले देता तिथली, पांदनीतली टाका पोत्यात. मी म्हनलं, नाई, बाबूजीच्या घरी जाते.

प्रमोदिनी : मग चांगली माती वाईट कशी झाली?

नत्थूजी : पानी धरून ठेवते नं थे. कपाशीले पाह्यजे म्हनून धरते. ह्याचे पाय सहा महिने चिखलात उभे हायेत. मुळं नाई राह्यली खाली, बाई. हे पाहा, नुसता लगदा.

प्रमोदिनी : म्हणजे आम्ही मारलं.

नत्थूजी : तुमी दोघं अन् तिसरा मी. मी इथी पंच म्हनून आल्तो, गुन्ह्यात माहीच माती सापडली.

वासुदेवराव : हेतू चांगला होता, हे कुठेतरी नमूद झालं पाहिजे.

नत्थूजी : करा नमूद. चौकटी लय रिकाम्या हायेत पुढं.

प्रमोदिनी : चहा ठेवते मी. उभं राहून राहून पाय गेले.

नत्थूजी : ठेवा. माह्या कपात द्या, कोनाड्यातल्या.

प्रमोदिनी : तुमच्याच कपात देणार, दुसऱ्या कुणाच्या देऊ?

नत्थूजी : नाई, कोनाड्यात आता एकच दिसून राह्यला. हिवाळ्यात दोन होते. माह्या कपाच्या बाजूले निळ्या फुलाचा एक होता.

प्रमोदिनी : तो तिचा. तो मी आत नेलाय. श्रावणात. स्टोव्हही आत नेलाय तिचा. फडताळातला खालचा खण रिकामा केलाय.

नत्थूजी : सैपाकघरात?

प्रमोदिनी : सैपाकघरातच. आल्यावर बघेल ती.

नत्थूजी : लिवलं का तिले तसं?

प्रमोदिनी : असं कसं लिहायचं पत्रात? आठ महिने तुला बाहेर ठेवलं, आता आत ये, असं? ती आली की तिचं तिला दिसेल. तोंडाने काय सांगायचं त्यात!

(ती चहा ठेवायला आत जाते. नत्थूजी वासुदेवरावांच्या जवळ सरकून बसतात.)

नत्थूजी : बाबूजी, आता सांगा.

वासुदेवराव : काय सांगू?

नत्थूजी : चिट्ठी आली हाय ना?

वासुदेवराव : चिठ्ठ्या येतातच. मागच्या सोमवारी आली. मी वाचून दाखवली हिला.

नत्थूजी : काय होतं तिच्यात?

वासुदेवराव : खुशाली. आणि सूनबाईंनी खाली लिहिलं होतं, झाडाला आता पाणी नको. पावसाळी सूचना म्हणून.

नत्थूजी : अन् तरी तुमी घातलं. वहीत हाय, मी पाह्यलं.

वासुदेवराव : ही म्हणाली, ती तिकडे थंडीत बसून काय सांगते, भाद्रपदाचं ऊन तिला काय ठाऊक. म्हणून चालू ठेवलं.

नत्थूजी : अन् तिले कसं मालूम, का पानी नको म्हनून? कुन्नूरवरून वर्ध्याचं झाड दिसते का?

वासुदेवराव : दर पत्रात एक डहाळी पाठवतो ना आम्ही, आतापर्यंत चार पाठवल्या. तिनेच मागितली होती. स्वयंपाकाला लागत असेल, किंवा घरची आठवण म्हणून.

नत्थूजी : सैपाकाले? जिच्या बापाच्या घरी ह्याचं कुंपन हाय, तिले तुमची काडी कायले पाह्यजे? थे नाडी पाहून राह्यली होती, बाबूजी. चार पत्रात चार काड्या. शेवटची तिनं वाकवली असन.

वासुदेवराव : आणि मी त्या कागदात गुंडाळून, जपून पाठवल्या.

नत्थूजी : अन् बाईचा चष्मा सोमवारीच तुटला का?

वासुदेवराव : दांडी ढिली झाली होती.

नत्थूजी : सोमवारीच?

वासुदेवराव : हळू बोला.

नत्थूजी : चष्म्याचं दुकान चौकात हाय. तुमी रोज तिकडूनच पेपर आनता. डगल्याच्या खिशात काय टोचून राह्यलं तुमाले? घडीघडी हात लावता.

वासुदेवराव : नत्थूजी, तुम्ही माळी होतात तेच बरं होतं. पोलिसात असता तर अर्धं वर्धा आत असतं... पत्रात आणखी मजकूर आहे. माधवने ती शाळा पत्करली. इथल्या कॉलेजला राजीनामा पाठवून दिला. दसऱ्याला कोणी येत नाही.

नत्थूजी : अन् हे तुमी आठ दिवस खिशात घेऊन फिरून राह्यले.

वासुदेवराव : ती रोज सकाळी उठून त्या झाडापाशी जाते हो. एरवी गुडघे दुखतात म्हणून वाकत नाही, तिथे वाकते. पानांवरून हात फिरवते. त्याच्याशी बोलते, मी ऐकलंय. काय सांगणार होतो मी? म्हटलं, झाड आपसूक वाळेल, तेव्हा तिचं तिला कळेल. मग पत्र दाखवावं. एकदम दोन नकोत.

नत्थूजी : अन् वरून रोज लोटाभर पानी घातलं.

वासुदेवराव : वही चालू होती. मध्येच चौकट रिकामी ठेवली असती तर तिने विचारलं असतं... तुम्हाला एक सांगू? ते बटाटे मी खाल्लेत.

नत्थूजी : कोनते?

वासुदेवराव : सूनबाई करायच्या, इथेच ओसरीवर, स्टोव्हवर. ह्या झाडाची पानं घालून. ही देवळात गेली की मी इथे येऊन बसायचो. दोनदा खाल्ले.

नत्थूजी : दोनदा?

वासुदेवराव : दर गुरुवारी. ती विचारायची, बाबा, कसं झालंय? मी तोंड पुसत मान हलवायचो. फाटक वाजलं की ताटली झाकायचो. एकदा तिने ती झाकलेली ताटली बराच वेळ तशीच हातात धरली होती.

नत्थूजी : मी एक सांगतो, बाबूजी. तुमाले झाड मेल्यावर समजलं. मले हिवाळ्यातच समजलं होतं, का थे इथी राहनार नाई.

वासुदेवराव : कशावरून?

नत्थूजी : माह्या कपाच्या बाजूले तिचा कप होता. मी माळी मानूस, वर्सातून एकदोनडाव येतो, चहा पेतो, आंजीले आपल्या घरी जातो. थे तं घरातली सून होती. तिनं कुठी जावं?

प्रमोदिनी : चहा घ्या.

वासुदेवराव : अगं, तू केव्हा आलीस?

प्रमोदिनी : दारातच होते. चहा उकळेपर्यंत कोण आत उभं राहतं? चष्मा द्या.

वासुदेवराव : दुकानातून आणायचाय अजून...

प्रमोदिनी : डगल्याच्या खिशातला द्या. आणि पत्रही.

वासुदेवराव : मी वाचून दाखवतो.

प्रमोदिनी : तुम्ही वाचलेलं ऐकलंय मी. द्या इकडे... ‘तीर्थरूप बाबा व आईस साष्टांग नमस्कार. इकडे तिघेही खुशाल. मळ्यावरील शाळेची जागा मी पत्करली आहे.’ पत्करली. ‘कॉलेजास राजीनामा आजच टपालात टाकला. दसऱ्यास येणे होणार नाही. आमचे सामान कुणाबरोबर पाठवण्याची घाई नको, इथे सगळे आहे.’ सगळं आहे म्हणे.

वासुदेवराव : बास. पुढे काही नाही.

प्रमोदिनी : पुढे तिचं अक्षर आहे. मोठं मोठं, पहिलीतल्या मुलासारखं. ह्या ओसरीवरच बसून गिरवायची. ‘आई, डहाळी मिळाली. मी बोटांनी मोडून पाहिली. झाडाला आता पाणी नको. तुम्ही उन्हात उभ्या राहू नका. तुमची ग्रेस.’

नत्थूजी : बसा, बाई.

प्रमोदिनी : तिला कसं कळलं, मी उन्हात उभी राहते ते?

वासुदेवराव : मी लिहिलं होतं जुलैच्या पत्रात. म्हटलं तिला बरं वाटेल.

प्रमोदिनी : ही ओळ का नाही वाचलीत मला? पाण्याची वाचलीत, ही नाही.

वासुदेवराव : ही वाचताना आवाज नीट राहिला नसता. तुला कळलं असतं.

नत्थूजी : मी म्हनतो, तिले लिवून पाहा. तिच्याकडून एक ताजी काडी मागवा. मी मुरूम आनतो, कुंडी आनतो, फुटकीच आनतो. तिच्यावानी लावून देतो. कपाचंबी लिवा अन् खनाचंबी लिवा.

प्रमोदिनी : राजीनामा टपालात पडल्यावर?

नत्थूजी : टपालच हाय. पुन्हा पाठवता येते.

प्रमोदिनी : आता लिहिलं तर तिला काय वाटेल, सांगा. माधव हातचा गेला तेव्हा हिला फडताळ सुचलं. आणि खोटं नाही ते. झाडाला अर्धा लोटा घालताना मला वाटायचं, फेडतेय मी. रोज थोडं थोडं. तिला एक अक्षर कळवलं नाही आणि इथे झाड कुजवलं.

नत्थूजी : मंग उपटून टाकू का?

प्रमोदिनी : राहू द्या. तुम्ही म्हणालात ना, मेलं तरी वास राहतो?

नत्थूजी : राह्यते.

प्रमोदिनी : मग चार काड्या तोडा. आता वाकवून बघू नका. अहो, ते बटाटे ती कशी करायची?

वासुदेवराव : मला काय ठाऊक?

प्रमोदिनी : दर गुरुवारी खाल्लेत म्हणता. डोळे मिटून खाल्लेत का?

वासुदेवराव : अर्धेकच्चे उकडायची. सालीसकट. मग तूप, मीठ, आणि ही पानं हातावर चुरडून. झाकण ठेवायची नाही. कडा तांबूस झाल्या की उतरवायची.

प्रमोदिनी : मोहरी?

वासुदेवराव : नाही.

प्रमोदिनी : हिंग?

वासुदेवराव : काही नाही. एवढंच.

प्रमोदिनी : एवढंच होतं, तर आठ महिने मी लांबून नाक का मुरडत होते? नत्थूजी, जेवून जा.

नत्थूजी : ओसरीवरच आना.

प्रमोदिनी : आत या. पाय धुवा आणि आत या.

नत्थूजी : नको, बाई.

प्रमोदिनी : मी म्हणतेय ना.

नत्थूजी : तुमी म्हनता हे आयकलं. पन वीस वर्स इथीच बसलो. आता आत आलो तं घास नाई उतरनार. मले माहा कोनाडा बरा हाय. तिच्यासाठी केलेली जागा मले नका देऊ.

वासुदेवराव : मी बसतो यांच्याबरोबर इथे. तू दोघांचं बाहेरच वाढ.

प्रमोदिनी : तर मी एकटी आत बसू?

वासुदेवराव : तूही बाहेर ये.

प्रमोदिनी : येते. स्टोव्हही बाहेरच आणते. तिच्यासारखं करायचं तर तिच्या जागी बसून करते. पिन कुठे असते हो ह्याची?

वासुदेवराव : काड्यापेटीत. सूनबाई काड्यापेटीत ठेवायच्या... धूर होतोय, पंप जास्त मारू नकोस. आणि पानं आता टाक. नाही, चुरडून.

प्रमोदिनी : भुगाच होतोय नुसता.

नत्थूजी : वास तं आला. फाटकापर्यंत गेला असन. जिजाबाई येतात पाहा आता इचारत.

प्रमोदिनी : येऊ द्या. सांगेन, सुनेचं झाड शिजवलं... घ्या. आधी तुम्ही, नत्थूजी.

नत्थूजी : घेतो.

प्रमोदिनी : कसं झालंय?

नत्थूजी : बटाटा चांगला हाय.

प्रमोदिनी : खरं सांगा.

नत्थूजी : कडू हाय जरा. पानं मेलेली हायेत ना आतून.

वासुदेवराव : ग्रेसचे असे कडू नसायचे.

प्रमोदिनी : हे तिला कधी सांगितलंत?

वासुदेवराव : नाही.

प्रमोदिनी : मलाही नाही सांगितलंत.

वासुदेवराव : नाही. तुला तर नाहीच.

नत्थूजी : मी निंगतो, बाई. आंजीची गाडी पकडतो. कप इसळून ठेवला कोनाड्यात. माती मी घेऊन जाऊ का परत? तिचा काई कसूर नाई.

प्रमोदिनी : न्या. पोतं मागे न्हाणीपाशी आहे.

वासुदेवराव : आज संध्याकाळची चौकट रिकामी आहे. काय लिहू?

प्रमोदिनी : पाणी घातलं नाही, असं लिहा.

वासुदेवराव : बरं. लिहिलं.

प्रमोदिनी : आणि उद्याचंही आत्ताच लिहून टाका.